डिप्पर आणि डोळ्यातलं जांभळं रसायन

कापसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात बैलबंड्या लागतात. परवा मामांची बंडी कापसाच्या जिनिंग कारखान्याकडे निघाली होती. समोरून एक जीप आली, अप्पर लाइट तसाच. घरी आल्यावर मामा म्हणाले, "आधी सारं पांढरंच पांढरं झालं, बैलाचे शिंगं बी दिसेनात. गाडी गेली अन् मंग सारं कायंच कायं." चाक साइडपट्टीखाली उतरलं होतं, थोडक्यात निभावलं.

आधी पांढरं आणि मग काळं, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पांढरं होतं ते डोळ्यातल्या भिंगासारख्या पारदर्शक भागांमुळे. झोताचा थोडा प्रकाश त्यांच्यात विखुरतो आणि सगळ्या दृश्यावर पांढुरका पडदा धरतो. वय वाढेल, मोतीबिंदू येऊ लागेल तसा हा पडदा दाट होतो.

काळं का होतं, हे मात्र मला फार विलक्षण वाटतं. अंधारात आपण पाहतो ते दृष्टिपटलावरच्या सुमारे 12 कोटी दंडाकार पेशींच्या जोरावर. त्यांच्यात रोडॉप्सिन नावाचं जांभळट रसायन असतं. 1876 साली जर्मन शास्त्रज्ञ फ्रान्झ बोल यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा रंग उजेडात उडताना पाहिला, तो याचाच. रोडॉप्सिनच्या पोटात रेटिनल असतं. ते जीवनसत्त्व 'अ'पासून बनतं, म्हणून ते जीवनसत्त्व कमी पडलं की रातांधळेपणा येतो. रेटिनलची शेपटी अकराव्या कार्बनपाशी वाकलेली असते. प्रकाशकण आदळला की सेकंदाच्या सुमारे पाच लाख कोटीव्या भागात ती सरळ होते, आणि त्या एका हालचालीतून मेंदूकडे संदेश निघतो. पण सरळ झालेलं रेटिनल त्या खाचेत बसत नाही. ते सुटतं, शेजारच्या थरातल्या पेशींत जातं, तिथे पुन्हा वाकवलं जातं आणि परत येतं. या फेरीला मिनिटं लागतात. डोळा पुरता अंधाराला सरावायला 30 ते 40 मिनिटं.

झोताने यातलं थोडंच रोडॉप्सिन विरतं. पण विरलेले रेणू पेशीला खोटाच मंद उजेड असल्यासारखं भासवत राहतात, त्यामुळे नजर त्या मानाने कितीतरी पट बोथट होते. ताशी 60 किलोमीटरच्या वेगात तीन सेकंद आंधळे गेले तर गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते.

अपघात होणाऱ्या काही वळणांवर "तिथं बाहेरचं आहे" म्हणून लोक लिंबू-नारळ ठेवतात. वळणावर झोत सरळ डोळ्यांत येतो, हे तिथे कोणी सांगत नाही. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मेही घेऊ नका. ते आहे तोही प्रकाश कापतात.

ट्रकच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं. दोन गाड्या एकमेकींना डिप्पर देतात, म्हणजे झोत खाली घेतात, कारण न दिल्यास समोरचाही अप्पर मारतो. बंडीकडे उलट मारायला दिवाच नसतो. आणि तासभर चांदण्यात चाललेल्या बंडीवानाचा डोळा पुरता अंधाराला लागलेला असतो, म्हणून झोत त्यालाच सर्वांत जास्त लागतो. सायकलवाल्याचं आणि पायी चालणाऱ्याचंही तेच.

काल पहाटे मी मामांसोबत बंडीवर होतो. समोरून येणाऱ्या एका ट्रकने लांबूनच लाइट खाली घेतला. बैलांची शिंगं दिसत राहिली. मामांनी कासरा डाव्या हातात घेतला आणि उजवा हात वर केला.