क्षितिजापलीकडे पाहणारी ८४९ स्क्वाड्रन

रडारच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. युद्धनौकेची अडचण इथूनच सुरू होते. तिचे रडार किती दूर पाहील याचे गणित सोपे आहे. अँटेना आणि लक्ष्य यांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे काढायची, बेरीज करायची आणि ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये मिळते. अँटेना २५ मीटरवर असेल आणि विमान लाटांवरून ३० मीटर उंचीने येत असेल, तर ते ४३ किलोमीटरवर आल्यावरच दिसते. ताशी ९०० किलोमीटर वेगाने हे अंतर तीन मिनिटांच्या आत संपते. अँटेना ३,००० मीटरवर नेली की तेच विमान २४८ किलोमीटरवरून दिसू शकते.

विमानात रडार उंच नेऊन अशी हवाई पूर्वसूचना देण्यासाठी १९५२ मध्ये ब्रिटिश नौदलाने कल्ड्रोज तळावर ८४९ स्क्वाड्रन ही विमानतुकडी नव्याने उभी केली. विमाने अमेरिकी स्कायरेडर, पोटाखाली एपीएस-२० रडारचा फुगीर घुमट. १९६० मध्ये गॅनेट विमाने आली, रडार मात्र स्कायरेडरमधून काढलेलेच. समुद्र खवळला की लाटांचे प्रतिध्वनी पडद्यावर दाटत आणि त्यांतून लहान लक्ष्य वेचणे निरीक्षकाच्या नजरेवर असे.

गॅनेटला उडायला कॅटापुल्ट (विमान डेकवरून वेगाने ढकलणारे यंत्र) आणि उतरताना अडवायला तारा लागत. हे दोन्ही असलेल्या आर्क रॉयल या विमानवाहू नौकेची अखेरची सफर डिसेंबर १९७८ मध्ये संपली आणि ८४९ही बंद झाली. हा निर्णय फार महाग पडला. ४ मे १९८२ रोजी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या युद्धात फॉकलंड बेटांजवळ अर्जेंटिनाची विमाने पाण्यालगत आली आणि त्यांचे एक्झोसेट क्षेपणास्त्र शेफील्ड या ब्रिटिश विनाशिकेवर आदळले. २० जण मृत्युमुखी पडले.

मग अवघ्या ११ आठवड्यांत दोन सी किंग हेलिकॉप्टरांवर सर्चवॉटर रडार बसवले गेले. निमरॉड या सागरी टेहळणी विमानासाठीचे हे रडार पाणबुडीच्या पेरिस्कोपसारखी बारीक वस्तूही लाटांतून वेगळी काढी, म्हणून निवड अचूक होती. अँटेना हवा भरलेल्या कापडी घुमटात, उजव्या बाजूच्या फिरत्या दांड्यावर. उड्डाणात घुमट चाकांच्याही खाली उतरवायचा, नाहीतर हेलिकॉप्टरचे धडच लहरींच्या आड येते. उतरण्यापूर्वी आठवणीने वर घ्यायचा, नाहीतर तो डेकवर आपटेल. या घुमटाला पिशवी म्हणत, त्यावरून चमूचे नावच ‘बॅगर्स’ पडले.

ही हेलिकॉप्टरे ऑगस्टमध्ये निघाली. युद्ध १४ जूनलाच थांबले होते. १९८४ मध्ये ८४९ पुन्हा उभी राहिली, ती सी किंग घेऊनच. पुढच्या सर्चवॉटर २००० रडारला जमिनीवरची चालती वाहनेही टिपता येऊ लागली. २००३ मध्ये इराकच्या अल फाव द्वीपकल्पावर उतरलेल्या रॉयल मरीन्सना (ब्रिटिश नौदलाच्या सैनिकांना) शत्रूच्या चिलखती वाहनांच्या हालचाली हीच स्क्वाड्रन वरून कळवत होती.