कुष्ठरोगातून बरे झालेल्यांसाठी दिव्यांग प्रमाणपत्र: पात्रता, कागदपत्रे, अर्ज

औषध पूर्ण झाले, आजार बरा झाला, तरी हाताची बधिरता किंवा वाकडी झालेली बोटे मागे राहू शकतात. प्रमाणपत्र मिळते ते या नुकसानासाठी, आजारासाठी नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती हा वेगळा प्रकार आहे आणि विकृती दिसलीच पाहिजे अशी अट त्यात नाही. तळहात-तळपायाची संवेदना गेली, पण बाहेरून काहीच दिसत नाही, अशी माणसेही अर्ज करू शकतात. बहुतेकदा तीच मागे राहतात.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे उपचार पूर्ण झाल्याची नोंद. एमडीटी हा मोफत औषधोपचार कमी जंतूंच्या प्रकारात 6 महिने, जास्त जंतूंच्या प्रकारात 12 महिने चालतो आणि तो संपल्यावर उपचार कार्डावर 'आरएफटी' (उपचारातून मुक्त) असा शेरा पडतो. जुने कार्ड हरवले असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत शोध घ्यायला सांगा. तिथे नसेल तर जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयात विचारा.

दुसरा कागद नसांच्या तपासणीचा. डोळे मिटायला लावून पेनाचे टोक हलकेच टेकवतात आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगतात. करंगळी बाहेर, अंगठा वर, पाऊल वर धरून जोर पाहतात. बधिरपणा असेल तर ग्रेड 1, विकृती दिसत असेल तर ग्रेड 2. ही नोंद सोबत नसेल तर न दिसणारी बधिरता टक्केवारी ठरवणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढे सहज निसटते.

बधिरता किंवा अशक्तपणा गेल्या 6 महिन्यांतच सुरू झाला असेल, तर प्रमाणपत्राआधी डॉक्टर गाठा. प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे औषध वेळेत मिळाले तर नस सावरू शकते. एमडीटी संपल्यानंतरही अशी नवी बधिरता येऊ शकते.

अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचे संकेतस्थळ) करायचा. आधार, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि वरचे दोन कागद जवळ ठेवा. प्रकार निवडताना सरसकट 'अस्थिव्यंग' न टाकता कुष्ठरोगमुक्त हाच पर्याय घ्या. बोटे झिजल्याने ठसा उमटत नाही म्हणून आधारच नसेल, तर नोंदणी बुबुळांवरून होते. केंद्रावर तसे स्पष्ट सांगा.

त्यानंतर निवडलेल्या रुग्णालयात तपासणी होऊन टक्केवारी ठरते. त्यावरून दिव्यांग ओळखपत्राचा रंग ठरतो: 40 टक्क्यांखाली पांढरे कार्ड, 40 ते 80 च्या आत पिवळे, 80 आणि वर निळे. सरकारी नोकरीतले आरक्षण 40 टक्क्यांपासून लागू होते.

अर्ज नाकारला तर तोंडी उत्तरावर परतू नका. कारण लेखी देणे बंधनकारक आहे आणि अपील करताना तोच कागद लागतो.