उभं ठेवलेलं झाड वाळतं का? बांधकाम आणि झाडांच्या नियमांची पार्श्वभूमी

आज मोठ्या प्रोजेक्टच्या ड्रॉइंगवर झाडांभोवती गोल काढलेले दिसतात, आत खोदकाम नाही, गाड्या नाहीत, माल ठेवायचा नाही. बघणाऱ्याला वाटतं हे काय पहिल्यापासूनच असणार. तसं अजिबात नाहीये, हा गोल यायला तीसेक वर्षं घासाघीस झाली, आणि त्याचं कारण असं की सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष बुंध्याकडे होतं, मुळांकडे बरंच उशिरा गेलं आणि मातीकडे तर त्याहून उशिरा.

ब्रिटनचा इतिहास इथे कामाला येतो कारण तिथे तो बऱ्यापैकी सलग सापडतो. १९४७ च्या नगररचना कायद्याने स्थानिक प्रशासनाला एखाद्या झाडावर किंवा झाडांच्या गटावर संरक्षणाचा आदेश काढता यायला लागला. झाड पाडायचं नाही, शेंडा उडवायचा नाही, फांद्या छाटायच्या नाहीत, मुद्दाम नष्ट करायचं नाही, करायचंच असेल तर आधी परवानगी. चांगलंच होतं, पण नीट वाचलं तर सगळा भर जमिनीच्या वर जे दिसतं त्याच्यावर. बिल्डरने झाडाला हात न लावता बुंध्याला खेटून चर खणला तर काय, हे त्यात सरळ कुठे लिहिलेलं नव्हतं.

मग ते झालंच. लंडनमधल्या बार्नेट भागात वीज मंडळाच्या कॉन्ट्रॅक्टरने जमिनीखालून केबल टाकताना संरक्षित झाडांची मुळं तोडली. झाडं उभीच होती, हिरवी होती, मग "नष्ट" केली असं म्हणायचं कसं? १९७३ मध्ये कोर्टाने सांगितलं की इजा इतकी मोठी असेल की जाणकार माणूस झाड बघून "आता हे पाडलेलंच बरं" म्हणेल, तर ते नष्ट करणंच झालं. मला हा निकाल फार आवडतो, कारण झाड उभं आहे म्हणजे वाचलं हा समज तिथे पहिल्यांदा कागदावर मोडला गेला.

त्याच सुमाराला जर्मनीने बांधकामात झाडांचं रक्षण कसं करायचं यासाठी वेगळं मानक काढलं होतं, डीआयएन १८९२०. त्यातला हिशोब साधा, फांद्या जिथवर पसरल्यात त्याच्या बाहेर अजून दीड मीटर, तेवढा भाग मुळांचा धरायचा. ब्रिटनमध्ये याच विषयाचं मानक, बीएस ५८३७, पहिल्यांदा १९८० मध्ये आलं. म्हणजे कुंपण घालायचं हे दोन्हीकडे मान्य झालं, पण कुठवर घालायचं हा वाद काही मिटला नाही, कारण मुळं नक्की कुठे असतात याबद्दल बऱ्याच इंजिनिअर लोकांच्या डोक्यात अजून शाळेतलं चित्र होतं, वर जेवढं झाड तेवढंच खाली सोटमूळ सरळ गेलेलं.

ते चित्र चुकीचं आहे हे थॉमस पेरी या अमेरिकन संशोधकाने १९८२ मध्ये नीट मांडलं. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर. कारणही उघड आहे, मुळांना हवा लागते आणि हवा वरच्या थरात असते. साईटवर सगळी वर्दळ नेमकी ह्याच थरावर होते, मुरूम पसरायचा तो इथेच, खडीचे ढीग इथेच, सिमेंट कालवलेलं पाणी ओतायचं तेही इथेच, आणि सावली असते म्हणून गाड्याही झाडाखालीच लावतात!

मातीचं महत्त्व पटायला मात्र एक वादळ लागलं. ऑक्टोबर १९८७ मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये एका रात्रीत अंदाजे दीड कोटी झाडं आडवी झाली, आणि उपटलेल्या मुळांचे गड्डे बघायला मिळाले ते बरेचसे पसरट आणि उथळ. पण खरी गंमत लंडनच्या क्यू उद्यानातल्या टर्नर्स ओक नावाच्या झाडाची. वाऱ्याने ते मुळांसकट उचललं आणि परत त्याच खड्ड्यात बसवलं. लोकांना वाटलं संपलं, पण इतकी झाडं पडलेली की याच्याकडे वळायला कुणाला वेळ नव्हता म्हणून टेकू देऊन सोडून दिलं, आणि तीनेक वर्षांनी बघतात तर झाड आधीपेक्षा तरारलेलं. वादळाआधी ते खंगत चाललं होतं. वर्षानुवर्षं माणसांच्या पायांनी खालची माती दगडासारखी झाली होती, ती वाऱ्याने मोकळी केली. मग क्यूमध्ये बाकीच्या झाडांची माती दाबाच्या हवेने मोकळी करायला लागले.

आता विचार करा, नुसत्या पायांनी हे होत असेल तर रोलर आणि डंपरने काय होत असेल? त्यात सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होतं, म्हणून "एकदाच गाडी आत घेतो साहेब" याला काही अर्थ नाही. वर झाड लगेच काही दाखवत नाही. साठवलेल्या अन्नावर काही वर्षं काढतं, मग शेंड्याकडून वाळायला लागतं, तोवर कॉन्ट्रॅक्टर बिल घेऊन गेलेला असतो आणि दोष कुठल्यातरी रोगावर जातो.

बुंध्याच्या बाबतीतही समज बदलला तो अलेक्स शिगो यांच्यामुळे. अमेरिकेच्या वनखात्यातला हा माणूस चेनसॉने झाडं उभी चिरून आतला लाकूडभाग बघायचा, आणि १९७० च्या दशकात त्यांनी दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, झाड तो भाग आतून बंद करून टाकतं आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवतं. म्हणजे मशीनच्या बकेटने साल सोलली तर वरून रंग फासून किंवा पोकळीत सिमेंट भरून काही होत नाही, आणि हे दोन्ही प्रकार त्याआधी सर्रास चालायचे.

हे सगळं आकड्यात उतरलं २००५ मध्ये. बीएस ५८३७ च्या नवीन आवृत्तीत मुळांचं राखीव क्षेत्र आलं, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा व्यास मोजायचा आणि त्याच्या १२ पट त्रिज्या घ्यायची. बुंधा ५० सेंटिमीटरचा असेल तर त्रिज्या ६ मीटर, म्हणजे साधारण ११३ चौरस मीटर जागा. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये हाच १२ पटींचा हिशोब घेतला. अमेरिकेतही झाडांच्या निगेच्या ए३०० मानकाचा बांधकामावरचा भाग २००५ चाच, पण तिकडे व्यासाच्या दर इंचाला एक फूट त्रिज्या हा ठोकताळा जास्त चालतो, आणि हिशोब केला तर तोही १२ पटच होतो.

तरी झाडं मरतच होती, कारण झाडाचा माणूस यायचा तेव्हा प्लॅन पास झालेला असायचा. ड्रेनेजची लाईन नेमकी मुळांतून, तळघराची भिंत बुंध्यापासून हाताच्या अंतरावर, मग कुंपण घालून काय उपयोग. २०१२ च्या आवृत्तीत म्हणून नावातच डिझाईन आणि (जुन्या इमारतींचं) पाडकाम हे शब्द आले. आधी सर्व्हे, कुठली झाडं ठेवण्यालायक ते ठरवायचं, मग बिल्डिंग कुठे बसते ते बघायचं. कुंपण पण हलवता येणार नाही असं, पाईपच्या सांगाड्यावर जाळीचं, नारिंगी प्लास्टिकची जाळी नाही, ती तर कुणीही वर उचलून आत शिरतं.

एक गोष्ट राहिलीच. त्या १२ पटींना वर मर्यादा आहे, त्रिज्या १५ मीटर, म्हणजे ७०७ चौरस मीटरच्या पुढे नाही. खूप जुन्या प्रचंड झाडांना ती अपुरी पडते, म्हणून इंग्लंडमध्ये वयोवृद्ध झाडांसाठी सरकारी सल्ला आता किमान १५ पटींचा आहे, किंवा फांद्यांच्या कडेपासून ५ मीटर, जे जास्त असेल ते.