एनएमआय आल्यावर कर्नेलने थांबायचं की चालायचं: पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत हिशेबाचा सर्व्हर अडकला, कीबोर्ड मेला, पिंगही गप्प. ॲडमिन निपाणीत, ७०-७५ किलोमीटरवर. पॉवर बंद-चालू केली तर मशीन उठेल, पण कशानं अडकलं ते रॅमबरोबर पुसलं जाईल. म्हणून रॅमची नक्कल, म्हणजे डंप, डिस्कवर उतरवून घेण्यासाठी दुरून सर्व्हर हाताळणाऱ्या आयपीएमआयटूलची ‘चॅसिस पॉवर डायग’ आज्ञा द्यायची, किंवा तिथल्या माणसाला सर्व्हरवरचं एनएमआय बटण दाबायला सांगायचं. दोन्ही वाटांनी जातो तो एनएमआयच. एनएमआय म्हणजे प्रोसेसरला नेहमीच्या मार्गानं अडवता न येणारा इंटरप्ट, हातातलं काम सोडायला लावणारा इशारा. तो आल्यावर कर्नेलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, काय करायचं, हा प्रश्न मात्र जुना आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीत ही ओळ मुख्यतः रॅमच्या पॅरिटी चुकीसाठी, म्हणजे साठवलेला बिट बदलल्याच्या चुकीसाठी, होती. चूक सापडली की पडद्यावर ‘पॅरिटी चेक’ उमटायचं आणि मशीन जागीच थांबायचं. पुढे सर्व्हर बनवणाऱ्यांनी डंपचं बटणही याच ओळीला जोडलं, मशीन अडकलं का ते बघणाऱ्या कर्नेलच्या वॉचडॉगनंही तीच धरली. सगळे येतात वेक्टर २ वर, म्हणजे एकाच इंटरप्ट क्रमांकावर. पोर्ट ६१ (हेक्स) मधला बिट ७ मेमरीची किंवा बसची चूक सांगतो, बिट ६ कार्डाची. दोन्ही शून्य आणि वॉचडॉगही म्हणतो ‘माझं नव्हे’, मग कर्नेलला कळायचं कसं?

लिनक्सचं मूळ उत्तर: चालत राहा. लॉगमध्ये ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड, बट ट्राइंग टु कंटिन्यू’ अशी प्रांजळ कबुली, बस्स. घरच्या पीसीला हे चालतं. डंपसाठी बटण दाबणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून सिस्कंट्रोलमध्ये, म्हणजे चालू कर्नेलच्या सेटिंग्जमध्ये, स्विच आले. ‘अननोन एनएमआय पॅनिक’ फक्त अनोळखी एनएमआयवर पॅनिक करतो (म्हणजे कर्नेलला मुद्दाम थांबवतो), ‘पॅनिक ऑन आयओ एनएमआय’ कार्डाच्या चुकीवर. ‘पॅनिक ऑन अनरिकव्हर्ड एनएमआय’ मेमरी आणि अनोळखी, दोन्ही एकत्र धरतो, आणि खरी अडचण इथंच आहे. ऊस हंगामात वजनकाट्याच्या मशीनला ‘रॅम चुकली तर थांब, अनोळखी आला तर ट्रॅक्टरांची रांग अडवू नको’ असं सांगायचं असतं. या स्विचांत तशी सोय नाही. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच, की आजच्या ईसीसी (रॅमच्या छोट्या चुका स्वतः दुरुस्त करणाऱ्या) सर्व्हरवर रॅमची दुरुस्त न होणारी चूक बहुधा मशीन चेक या प्रोसेसरच्या वेगळ्या इशाऱ्याच्या वाटेनं येते.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एनएमआयवर पॅनिकची खूण मुळातच चालू असते. विंडोजमध्ये रजिस्ट्रीच्या क्रॅशकंट्रोलखाली ‘एनएमआयक्रॅशडंप’ १ करावं लागे. विंडोज ८ आणि सर्व्हर २०१२ पासून ती गरज संपली.

पॅनिक झालं म्हणजे डंप मिळालाच असं नाही. लिनक्सचा डंप घेणाऱ्या केडंपचा पाया असलेला, चालू कर्नेलमधूनच दुसरा कर्नेल सुरू करणारा केक्झेक लिनक्समध्ये २००५ साली, २.६.१३ मध्ये आला. त्यासाठी बूटच्या वेळीच ‘क्रॅशकर्नेल’नं रॅम राखून ठेवावी लागते, उदाहरणार्थ २५६ एमबी. ती राखली नसेल आणि ‘कर्नेल.पॅनिक’ शून्य असेल, तर मशीन पडद्यावर मजकूर टाकून तसंच उभं राहतं, आणि शेवटी निपाणीहून गाडी काढावीच लागते. स्विचची हाताने बदललेली किंमत रीबूटनंतर जाते, ती ‘सिस्कंट्रोल.डी’ फोल्डरमधल्या फाइलीत लिहायची, आणि सुट्टीच्या दिवशी एकदा मुद्दाम एनएमआय पाठवून ‘व्हार/क्रॅश’मध्ये फाइल उतरते का ते बघायचं.