हीटचं पान आणि चार टेबलं: डॉक्युमेंट डेटाबेसची पार्श्वभूमी

कोल्हापुरात उद्यमनगर किंवा शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीतलं लॉगबुक उघडून बघा. एका हीटला, म्हणजे भट्टीत एकदा वितळवलेल्या धातूला, एक पान. वर तारीख, पाळी, हीट नंबर. मग चार्जमध्ये पिग आयर्न किती, स्क्रॅप किती. त्याखाली कार्बन, सिलिकॉनचा लॅब रिपोर्ट. शेवटी ओतलेल्या कास्टिंगची यादी, आणि त्यातली किती ब्लो होलमुळे गेली, किती कोल्ड शटमुळे. फाउंड्रीसाठी प्रोग्राम लिहिणाराही हीट अशीच मांडतो: एक ऑब्जेक्ट, त्याच्या पोटात कास्टिंग, कास्टिंगच्या पोटात दोष. साठवायची वेळ आली की मात्र या पानाचे चार टेबलांत तुकडे करावे लागतात आणि वाचताना ते पुन्हा जोडावे लागतात.

हे असं का झालं, हे समजायला टेबलांच्याही मागे जावं लागतं. १९६० च्या दशकात आयबीएमने अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांच्या हिशेबासाठी आयएमएस नावाचा डेटाबेस बनवला. त्यातली रचना झाडासारखी होती, भागाखाली भाग. म्हणजे पोटात पोट ठेवायची कल्पना नवी नव्हे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे डेटा टेबलांत मांडण्याचा, निबंध लिहिला तो याच झाडांवर बोट ठेवून. त्यांचं उदाहरण होतं सुटे भाग आणि प्रकल्प यांचं. प्रकल्प भागाच्या पोटात ठेवायचे की भाग प्रकल्पाच्या? एका रचनेवर बेतलेला प्रोग्राम दुसऱ्या रचनेवर चालत नाही. टेबलांत कोणीच कोणाच्या पोटात नसतं, त्यामुळे प्रश्न कुठल्याही बाजूने विचारता येतो.

याच काळात प्रोग्रामिंग मात्र उलट दिशेने चाललं होतं. नॉर्वेत सिम्युला ६७, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत स्मॉलटॉक, पुढे सी प्लस प्लस आणि १९९५ मध्ये जावा: सगळ्या ऑब्जेक्टवर बेतलेल्या भाषा. या ओढाताणीला नाव पडलं ‘इम्पीडन्स मिसमॅच’. शब्द विजेच्या शास्त्रातला, अर्थ दोन बाजू एकमेकींना न जुळणं. मिरवणुकीत ॲम्प्लिफायरला भलताच स्पीकर जोडून बसलेल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

पहिला उपाय ऑब्जेक्ट डेटाबेसचा, म्हणजे ऑब्जेक्टच थेट साठवण्याचा. जेमस्टोन, ऑब्जेक्टस्टोअर ही त्यातली नावं, आणि १९९३ मध्ये त्यांचं एक प्रमाणही निघालं. पण डेटा एका भाषेच्या क्लासांना (ऑब्जेक्टच्या साच्यांना) फार घट्ट चिकटलेला असायचा, आणि मालकाला आयत्या वेळी हवा असलेला रिपोर्ट टेबलांच्या एसक्यूएल या भाषेत जितका झटपट निघायचा तितका इथे निघेना. दुसरा उपाय ऑब्जेक्ट आणि टेबलं यांच्या मधला दुभाषी: जावासाठी २००१ मध्ये आलेलं हायबरनेट. ते टिकलं, आजही चालतं.

तिसरी वाट वेबवरून आली. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसन ही डेटा साध्या मजकुरात लिहायची पद्धत रुळवली आणि पोटात पोट असलेला मजकूर जो तो पाठवू लागला. असा मजकूर तुकडे न करता एकेक डॉक्युमेंट म्हणून साठवतो तो डॉक्युमेंट डेटाबेस. लोटस नोट्स या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये तसं काउचडीबी सुरू केलं. २००७ मध्ये स्थापन झालेली टेनजेन कंपनी खरं तर ॲप चालवण्याचा प्लॅटफॉर्म बनवत होती. त्यातला डेटाबेसच तेवढा २००९ मध्ये बाहेर आला, तो मोंगोडीबी.

यात ऑब्जेक्ट ‘जसाच्या तसा’ जातो असं म्हणतात, ते अर्धंच खरं. जातो तो फक्त डेटा, मेथड, म्हणजे ऑब्जेक्टची कामं, कोडमध्येच राहतात. परत वाचताना कुठला क्लास बनवायचा हे कळावं म्हणून स्प्रिंगसारखी लायब्ररी डॉक्युमेंटमध्ये ‘_क्लास’ नावाचं फील्ड टाकते आणि त्यात क्लासचं पूर्ण नाव लिहिते. सहा महिन्यांनी कोणी पॅकेजचं नाव बदललं की जुन्या नोंदी नसलेल्या पत्त्यावर बोट दाखवत बसतात. शिवाय मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा आहे. हीटला ती भरपूर, पण ग्राहकाच्या पोटात त्याच्या सगळ्या हीट कोंबत गेलात तर कधीतरी आडवी येईलच.

कॉड यांचा प्रश्नही परत आला. ‘या पॅटर्नचं (साचा घडवायच्या नमुन्याचं) वर्षभराचं रिजेक्शन सांगा’ म्हटलं की पॅटर्न प्रत्येक हीटच्या पोटातून हुडकून काढायचा. मोंगोडीबीने २०१५ मध्ये जॉइनसारखी, म्हणजे वेगळ्या नोंदी जोडून वाचायची, सोय दिली, २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंटांवरचे ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकत्र व्हावेत, नाहीतर एकही नको) दिले. पोस्टग्रेस हा टेबलांचा डेटाबेस उलट बाजूने आला, २०१४ मध्ये टेबलातच जेसन साठवणारा जेसनबी कॉलम घेऊन.

मी फाउंड्रीच्या कामात हीट अख्खी एका डॉक्युमेंटमध्ये ठेवतो. ग्राहक आणि पॅटर्न बाहेर, हीटमध्ये त्यांचा नुसता नंबर. ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर मात्र मुद्दाम हीटच्या पोटात कॉपी करतो. ग्राहकाने नंतर ड्रॉइंग बदललं तरी ते कास्टिंग ओतलं त्या दिवशी कुठलं रिव्हिजन होतं, हेच ऑडिटवाला विचारतो.