टर्फ : आयर्लंडचे दलदलीतले इंधन

दलदलीतून विटांसारखे कापून काढलेले आणि वाऱ्यावर वाळवलेले पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) म्हणजे टर्फ. ‘पीट’ हा शब्द आयर्लंडमध्ये प्रामुख्याने शास्त्रज्ञ आणि सरकारी कागद वापरतात. ज्यांच्या घरी ते जळते ते टर्फच म्हणतात. आयरिश भाषेत त्याला ‘मोन’ म्हणतात. या बेटावर दगडी कोळसा फारसा नाही आणि अठराव्या शतकापर्यंत जंगलही बहुतेक तुटून गेले होते. तेव्हा गरिबाच्या घरी भाकरी भाजायला आणि हिवाळा काढायला टर्फवाचून दुसरे काही नव्हते.

जिथे पाणी बारमाही साचून राहते तिथे मेलेल्या वनस्पतींपर्यंत हवा पोचत नाही, त्यामुळे त्या पुरत्या कुजत नाहीत. त्यात स्फॅग्नम नावाचे शेवाळ पाणी आम्लधर्मी करून कुजणे आणखी मंदावते. अर्धवट कुजलेल्या या वनस्पतींचे थरावर थर साचतात, ते पीट. थर वाढण्याचा वेग वर्षाला साधारण १ मिमी, म्हणजे एक मीटर जाडीला सुमारे हजार वर्षे. अशा पीटच्या दलदलीला आयर्लंडमध्ये ‘बॉग’ म्हणतात. मध्य आयर्लंडचे बॉग हिमयुगानंतरच्या उथळ तळ्यांत जन्मले आणि भरता भरता मधोमध फुगीर झाले. पश्चिमेला, जिथे पाऊस जवळजवळ थांबतच नाही, तिथे पीटने डोंगरउतारांवर पांघरूण घातले आहे. महाराष्ट्रात पाऊस काही कमी पडत नाही, पण पावसाळा सरला की जमीन सात-आठ महिने वाळत राहते आणि पालापाचोळा कुजून मातीत मिसळतो. म्हणून पीट आपल्या रोजच्या ओळखीचे नाही. भारतात निलगिरीच्या उंच पठारावरच्या खोलगट भागांत मात्र ते सापडते.

ताज्या पीटमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असते. म्हणून टर्फच्या कामात कापण्यापेक्षा वाळवण्याचे कष्ट मोठे, आणि तेही पावसाळी देशात. पहिल्या शतकात प्लिनी या रोमन लेखकाने आजच्या उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरील लोकांबद्दल लिहिले आहे, की ते हातांनी चिखल काढतात आणि उन्हापेक्षा वाऱ्यावरच जास्त वाळवून जाळतात. आयर्लंडच्या टर्फलाही हे तंतोतंत लागू पडते.

कापणी एप्रिल-मे महिन्यांत सुरू होते. आधी बॉगवरची गवत-मुळ्यांची साल सोलून बाजूला ठेवतात. मग उभ्या कडेवरून ‘श्लान’ या हत्याराने विटा कापतात. श्लान म्हणजे अरुंद पात्याचे, बाजूला काटकोनात पंख असलेले, खाली दाबून चालवायचे फावडे. एका दाबात विटेच्या दोन बाजू कापल्या जातात. एकजण कापतो, दुसरा ओली, लोण्यासारखी घसरणारी वीट झेलतो, तिसरा हातगाडीने नेऊन पसरतो. वरच्या थराचे टर्फ फिकट तपकिरी आणि हलके, ते भरभर जळून जाते. खालचे काळे, घट्ट. ते हळू जळते आणि उष्णता जास्त देते. त्यामुळे जाणता माणूस कडेच्या तळाशी जाईपर्यंत थांबत नाही.

पसरलेल्या विटांवर आठवडा-दोन आठवड्यांत साल धरली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करतात, म्हणजे मधून वारा खेळतो. हे काम वाकून वाकून करायचे असते आणि त्यात बायकामुलांचे हात अधिक. त्यानंतर मोठे ढीग, आणि शेवटी घराशेजारी लांबलचक गंज. गंजीच्या बाहेरच्या विटा उतरत्या रचतात, की पाऊस आत न शिरता ओघळून जावा. आपल्याकडे गोवऱ्यांचा हुडवा रचताना हीच काळजी घेतात. इतके काम एका घराला झेपत नाही, म्हणून शेजारीपाजारी मिळून एकेकाचे टर्फ काढून देतात. या रिवाजाला ‘मेहल’ म्हणतात. ज्याचे काम त्याने जेवण घालायचे; आपल्या इर्जिकीला इतका जवळचा शब्द मला दुसऱ्या भाषेत ठाऊक नाही.

बॉगमधून टर्फ काढण्याचा हक्क ‘टर्बरी’ या नावाने कायद्यात ओळखला जातो. जमीन एकाची आणि तिच्यातला ठरावीक पट्टा कापण्याचा हक्क दुसऱ्याचा, असे असू शकते. हा हक्क घराण्यात वारशाने चालत येतो.

टर्फचा विस्तव ज्वाळा कमी आणि निखारा जास्त देतो. रात्री निखारे राखेखाली झाकून ठेवायचे आणि सकाळी फुंकून पुन्हा पेटवायचे, हे घरच्या बाईचे काम होते. झाकताना संत ब्रिजिडचे नाव घेऊन प्रार्थना म्हणत. विस्तव विझू देणे अशुभ मानत. सोडा घालून केलेली जाड भाकर लोखंडी भांड्यात ठेवून, झाकणावरही निखारे रचून, वर-खाली विस्तवाने भाजत. शाळेत जाताना मुले शेगडीसाठी टर्फची एकेक वीट काखेत नेत. पश्चिम किनाऱ्यासमोरच्या ॲरन बेटांवर तर बॉगच नाही. तिथे मुख्य बेटावरच्या कॉनेमारा भागातून शिडाच्या होड्यांतून टर्फ येई, आणि ज्यांना तेही परवडत नसे ते वाळलेले शेण जाळत.

बॉगमध्ये फारसे काही कुजत नाही, त्यामुळे कापणाऱ्याला अधूनमधून भूतकाळ हाती लागतो. लाकडी भांड्यांत पुरलेले लोणी निघते. डेन्मार्कमध्ये १९५० साली पीट कापणाऱ्यांना टोलुंडचा माणूस सापडला. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा, चेहरा शांत आणि गळ्यात फास. आयर्लंडच्या मेयो परगण्यात १९३०च्या दशकात पॅट्रिक कॉलफील्ड या शिक्षकाला टर्फ कापताना खाली दगडांच्या रांगा दिसल्या. त्या नवाश्मयुगीन शेतांचे बांध निघाले, पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे. त्यांच्या मुलाने, शेमस कॉलफील्ड यांनी, पुढे त्या स्थळाचे उत्खनन केले. केजे फील्ड्स नावाने ते आज ओळखले जाते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधून येणारा कोळसा आटला तेव्हा टर्फ राष्ट्रीय गरज बनले. डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये रस्त्याच्या कडेने टर्फच्या प्रचंड गंजी उभ्या राहिल्या. १९४६ साली ‘बोर्ड ना मोना’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. तिने चर खणून आख्खे बॉग कोरडे केले, यंत्रांनी भुकटी खरवडली, वीजकेंद्रांना पुरवली आणि दाबून ब्रिकेट, म्हणजे घट्ट विटा, विकले. मिडलँड्सच्या, म्हणजे मध्य आयर्लंडच्या, गावांना त्यातून पक्क्या नोकऱ्या मिळाल्या, हे विसरता येत नाही. पण श्लानने माणूस एक पट्टा कापायचा. यंत्र सगळी जमीन उघडी करते, आणि खरे नुकसान तिथे झाले. पाणी काढले की साठलेला कार्बन हवेत जाऊ लागतो. शिवाय तितक्याच उष्णतेसाठी टर्फ कोळशापेक्षाही जास्त कार्बन डायऑक्साइड सोडते. जगाच्या जमिनीपैकी फक्त ३ टक्क्यांच्या आसपास पीटभूमी आहे, पण जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून नसेल इतका कार्बन तिच्यात आहे.

शॅननब्रिज आणि लेन्सबरो येथील पीटवर चालणारी वीजकेंद्रे डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. जानेवारी २०२१ मध्ये बोर्ड ना मोनाने पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले. युरोपीय कायद्याने संरक्षित केलेल्या ५३ फुगीर बॉगवर हाताने कापण्यालाही मनाई झाली, आणि तिथे हक्कदार कुटुंबांचा रोष मोठा होता. ३१ ऑक्टोबर २०२२ पासून धुराच्या प्रदूषणामुळे टर्फ दुकानांतून, इंटरनेटवरून किंवा जाहिरात देऊन विकता येत नाही. टर्बरीचा हक्क असलेल्याने स्वतःसाठी कापणे मात्र चालू आहे. इकडे कंपनी तिनेच खणलेले चर बांध घालून बुजवते आहे, म्हणजे पाणी वर चढेल आणि स्फॅग्नमला पुन्हा धरायला जागा मिळेल.