रात्री साडेनऊला बोट टोचायला का येतात?

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या शेजारच्या आजींचं दार एकदा रात्री साडेनऊनंतर वाजलं. दारात आरोग्य खात्याचे दोघं, हातात काचपट्ट्यांची पेटी. हत्तीरोगाची तपासणी, बोटातलं थेंबभर रक्त हवं. आजी उखडल्या, "दिवसभर काय झोपा काढत होता का रे?"

दिवसभर दडून बसतो तो खरं तर जंत. हत्तीरोगाची मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब असते आणि माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरातला पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वर्षानुवर्षं राहते. तिची पिल्लं, मायक्रोफायलेरिया, जेमतेम पाव मिलिमीटरची. ती दिवसा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत थांबतात आणि रात्री दहा ते दोनच्या सुमारास कातडीजवळच्या रक्तात मोठ्या संख्येनं येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही नेमका तेव्हाच चावतो. गंमत म्हणजे हे वेळापत्रक माणसाच्या झोपेवर चालतं. यंत्रमागावर कायम रातपाळी करून दिवसा झोपणाऱ्याच्या रक्तात ते हळूहळू उलटं होऊ शकतं!

रक्ताबरोबर पिल्लू डासाच्या पोटात जातं. तिथं ते अंगावरची पातळ खोळ टाकतं, काही तासांत पोटाची भिंत भेदतं आणि छातीतल्या, पंख हलवणाऱ्या स्नायूंत शिरतं. तिथं ते आखडून जाडजूड होतं, अगदी वळवटासारखं. मग दोनदा कात टाकून पुन्हा लांबतं, दीड मिलिमीटरच्या आसपास भरतं, आणि डोक्याकडे सरकत सोंडेत येऊन थांबतं. या सगळ्याला दहा ते चौदा दिवस लागतात. मलेरियाचा जंतू डासात एकाचे हजारो होतो. इथं मात्र एक पिल्लू गेलं तर फार तर एकच अळी तयार होते. पिल्लं फार झाली तर डासच मरतो.

शिवाय डास तेवढे दिवस जगायला हवा. समजा, रोज शंभरातले वीस मेले, तर बारा दिवसांनी सातच उरतात. डासांच्या हिशेबात हे सात म्हातारेच, आणि धोका फक्त त्यांच्यापासून. म्हणून डासाचं आयुष्य दोन-चार दिवस कमी केलं तरी फरक पडतो.

हे जंत डासाच्या अंगात वाढतात हे पॅट्रिक मॅन्सन या स्कॉटिश डॉक्टरांनी 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय इथं दाखवलं. कीटकाच्या शरीरात माणसाचा परजीवी वाढताना तोवर कुणी पाहिलाच नव्हता. पुढचा अंदाज मात्र साफ चुकला. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला जंत होतात, असं त्यांना वाटलं. 1900 मध्ये डॉक्टर जॉर्ज लो यांना अळ्या थेट सोंडेत सापडल्या, तेव्हा तो विषय मिटला.

पण सोंडेतली अळी सुईतल्या औषधासारखी आत टोचली जात नाही. डास चावत असताना ती सोंडेच्या आवरणातून फुटून कातडीवर पडते, आणि तिथल्या इवल्याशा ओलीत वळवळत डासानं पाडलेलं भोक शोधते. बऱ्याच अळ्या तिथंच वाळून जातात. ज्या आत शिरतात त्यांतही नर-मादी दोन्ही हवेत, तरच पुढची पिल्लं. त्यामुळे एखाद-दुसऱ्या चाव्यानं सहसा काही होत नाही. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं, असंख्य चावे लागतात.

क्युलेक्स अंडी घालतो ती साचलेल्या घाण पाण्यात. आजींच्या मोरीचं पाणी मागच्या उघड्या गटारीत जातं आणि त्यांची खाट गटारीकडच्या खिडकीखाली असते. बडबड करत का होईना, त्या रात्री त्यांनी बोट पुढं केलं.